दोऱ्याचे बावीस वेढे

आत्याच्या टेबलावर वहीशेजारी एक पेन पडलं होतं आणि त्याच्या मानेवर काळा दोरा गुंडाळलेला होता. जाड, शिवणकामातला दोरा, एकाला एक लागून बसवलेले वेढे. सुरुवातीचं टोक वेढ्यांखाली दाबलेलं, शेवटचंही आत ओढून घेतलेलं, गाठ कुठेच नाही. क्षणभर वाटलं, हे कुठलंतरी जुनं पेन असेल. मग दोऱ्याच्या वरचा निळा भाग दिसला, निळ्यात विरघळलेली मोतिया वळणं दिसली आणि पोटात काहीतरी हललं. ते पेन मी केलं होतं, लेथवर, खास तिच्यासाठी. दोन वर्षांपूर्वी तिच्या हातात दिलं तेव्हा तिनं ते खिडकीपाशी नेऊन उजेडात कितीतरी वेळ फिरवून पाहिलं होतं. मी टक लावून बघतोय हे लक्षात आल्यावर आत्यानं पेन उचललं, टोपण लावलं आणि म्हणाली, "अरे, बोटं जरा घसरायची, म्हणून गुंडाळलाय. पेन छान आहे हो."

मी दुसरंच काहीतरी बोलायला लागलो.

मान म्हणजे निबेच्या लगेच मागचा भाग, जिथे बोटं टेकतात तो. पेन करणारे त्याला सेक्शन म्हणतात, मी मनाशी मानच म्हणतो. त्या मानेच्या झिलईवर माझ्या तीन संध्याकाळी गेल्या होत्या. ॲक्रिलिक चमकवायचं तर पटाशीचे ओरखडे घालवणं ही नुसती सुरुवात. मग पाण्यात भिजवलेले पॉलिशचे मऊ पॅड घ्यायचे, पंधराशे नंबरापासून बारा हजारापर्यंत, एकूण नऊ. प्रत्येक नंबरानं आधीच्या नंबराच्या रेघा पुसायच्या. एखादा घाईत उरकला तर तेव्हा काही कळत नाही. शेवटी दिव्याखाली धरल्यावर एक पुसट रेघ अंगठीसारखी गोल फिरलेली दिसते आणि चार पायऱ्या मागे जावं लागतं. मी दोनदा मागे गेलो होतो. खिडकीची चौकट त्या मानेत वाकून दिसायला लागली तेव्हा थांबलो. आणि आत्यानं दोरा गुंडाळला होता तो नेमका त्याच झिलईवर.

खरं सांगायचं तर आधी राग आला. इतकं राबून केलेली वस्तू, आणि तिच्यावर दोरा! रागाच्या मागोमाग लाज आली, कारण दोन वर्षं ती रोज या पेननं लिहीत होती, रोज तिची बोटं घसरत होती, आणि दर भेटीत मी "पेन चालतंय ना?" एवढंच विचारत होतो. पेन चालतच होतं. शाई अडत नव्हती, निब खरखरत नव्हती. मी पेनची चौकशी करत होतो, हाताची करत नव्हतो. परत येताना रस्ताभर मनात ते वेढे फिरत राहिले. इतके नीटस वेढे काही चिडून घातलेले नसतात. दुखणाऱ्या अंगठ्यानं, चष्मा सावरत, दोरा ताणून धरत तिनं ते बसवले असणार.

पेन धरायला मला आत्यानंच शिकवलं. माझी मूठ आपल्या मुठीत घेऊन ती वहीवर फिरवायची. तिच्या तळव्याची ऊब आणि कानाशी येणारं वाक्य अजून तसंच्या तसं आठवतं, "दाबू नकोस रे, नुसतं धर. मोरपीस धरल्यासारखं." मी दाबायचोच. इतका की पान उलटलं की मागच्या बाजूला अक्षरं उठून आलेली असायची, आणि मला त्यावरून बोटं फिरवायला आवडायचं. मधल्या बोटाच्या शेवटच्या पेराला, नखाच्या कडेला घट्टा पडला. लिखाण कमी झालं तसा तो मऊ झाला, पण अंगठा फिरवला की आजही सापडतो. आत्याच्या बोटावर असा घट्टा कधी नव्हता. तिचं अक्षर हलकं, तिरकं, कागदावर न टेकल्यासारखं. पुढे बॉलपेनं आली, बॉलपेनला दाब लागतोच, आणि तिलाही सवय झाली. आता अंगठ्याच्या मुळाशी सांधा सुजतो, पकड सैल पडते, सैल पडली की पेन निसटू नये म्हणून आणखी आवळावं लागतं, आणि आवळलं की सांधा दुखतो. या चक्रात मी तिच्या हातात आरशासारखं गुळगुळीत काहीतरी ठेवलं होतं.

मी पेन करायला लागलो तेव्हा हात हा विषयच डोक्यात नव्हता. मला लाकूड आवडायचं. पटाशीची धार बरोबर लागली की लाकडाची लांब, पातळ, किंचित उबदार साल निघते आणि मनगटावरून घरंगळत जाते. त्या स्पर्शासाठी मी तासन् तास लेथपाशी उभा राहायचो. सुरुवातीची पेनं सगळ्यांची असतात तशीच होती. लाकडाच्या चौकोनी तुकड्यात सात मिलिमीटरचं भोक पाडायचं, पितळेची नळी बाहेरून खरबरीत करून गोंदानं आत बसवायची, तुकडा मँड्रेलवर, म्हणजे लेथवर फिरणाऱ्या बारीक सळईवर, चढवून गोल कातायचा, मग दोन्ही टोकांना तयार भाग दाबून बसवायचे. पेन लाकडाचं म्हणायचं, पण मजबुती सगळी पितळेची. वर उरलेलं लाकूड एखाद-दीड मिलिमीटरचं, सालीएवढं. त्यातलंच एक पेन काही महिन्यांनी हातात घेतलं तर टोकापासून टोकापर्यंत केसासारखी सरळ भेग. लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, आडवं हलतं, आणि आडव्यातही वाढीच्या वलयांच्या दिशेनं हलतं ते वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. गोल कातलेलं लाकूड म्हणूनच पुढे किंचित लांबट होतं. आतली नळी मात्र जागची हलत नाही. वरचं आक्रसतं, आतलं ऐकत नाही, मग भेग. तेव्हापासून मी लाकडावर खरेदीची तारीख लिहून ठेवतो आणि वर्षभर त्याला हात लावत नाही.

मग नळीचा कंटाळा आला. आपल्या पेनची ताकद दुसऱ्याच कशाची तरी असते, हे खुपायला लागलं. नळी सोडली, ॲक्रिलिकच्या आणि एबोनाइट नावाच्या कडक रबराच्या कांड्या घेतल्या, आणि आटेसुद्धा स्वतःच पाडायला लागलो.

इथे पेनचा खरा स्वभाव कळला. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आधी आकार ठरतो आणि मग त्यात शाई-निब बसवतात. प्रत्यक्षात सगळं आतून बाहेर येतं. शाई ओढून घेणारा कन्व्हर्टर ठरावीक जाडीचा, त्यामुळे मानेच्या आतलं भोक सात मिलिमीटरच्या आसपास ठेवावंच लागतं. त्या भोकाभोवती मानेच्या मागच्या बाजूला एक दांडा, त्यावर आटे, ते बॅरलमध्ये, म्हणजे पेनच्या मागच्या पोकळ अंगात, फिरवून बसवायचे. मी हा दांडा नऊ मिलिमीटरचा ठेवायचो, कारण त्यानं पेन सडपातळ राहायचं. नऊवर पाऊण मिलिमीटर अंतराचे आटे पाडले की आट्याच्या तळाशी जेमतेम आठ उरतात. त्यातून आतलं भोक वजा केलं की दोन्ही बाजूंना मिळून एक मिलिमीटर, म्हणजे भिंत अर्ध्या मिलिमीटरची. अख्खं पेन त्या अर्ध्या मिलिमीटरवर पेललेलं असतं. बोटांचा सगळा जोर मानेवर आणि पेनचं वजन मागे, म्हणजे वाकण्याचा ताणही नेमका तिथेच.

असं एक पेन माझ्या हातून पडलं. फार उंचावरून नाही, खुर्चीच्या बैठकीवरून. टक् असा कोरडा आवाज झाला. उचललं तर मान एका हातात आणि बॅरल दुसऱ्या हातात, आट्यांची गोल चकती बॅरलच्या आत अडकून राहिलेली. वाईट वाटायला नंतर वेळ होता, आधी मी ती तुटलेली कड भिंगाखाली धरली. ॲक्रिलिक तुटतं ते काचेसारखं, तुटलेली बाजू लखलखीत असते. त्या लखलखाटात एका बिंदूपासून पंख्यासारख्या बारीक रेघा पसरलेल्या होत्या, आणि तो बिंदू होता मान संपून दांडा सुरू होतो तिथल्या काटकोनात. मीच तो काटकोन मुद्दाम धारदार ठेवला होता, दिसायला स्वच्छ म्हणून. ताण अशा कोपऱ्यात गोळा होतो, हे वाचलेलं होतं. त्या दिवशी बोटाच्या टोकावर धरून पाहिलं. आता त्या जागी अर्ध्या मिलिमीटरची गोलाई ठेवतो. गोलाई ठेवली की बॅरलच्या तोंडाचीही तेवढीच कड मोडावी लागते, नाहीतर दोन भाग पुरते टेकत नाहीत आणि मध्ये नखाएवढी फट राहते. दांडाही दहा मिलिमीटरचा केला. तिथे एक मिलिमीटर अंतराचे आटे पाडले तरी भिंत मिलिमीटरच्या नव्वद शतांशांच्या जवळ राहते, आणि वाकण्याला तिचा विरोध आधीच्या जवळजवळ पावणेदोन पट होतो. पण त्या एका मिलिमीटरची किंमत पुढे सगळ्यांनी मोजायची. दांडा जाड म्हणून बॅरल जाड, बॅरलवर टोपणाचे आटे तेरा मिलिमीटरचे, म्हणून टोपण पंधरा-सोळाचं. सडपातळपणा गेला. तेव्हा मला त्याचं दुःख झालं होतं.

टोपणाच्या ओठाचीही अशीच गोष्ट. जुन्या पेनांच्या टोपणाला खाली धातूचं कडं असतं, तो मला कित्येक वर्षं दागिनाच वाटायचा. टोपण घट्ट फिरवलं की आतले आटे पाचरीसारखे बाहेर ढकलतात, आणि ओठ पातळ असेल तर तो उभा चिरतो. कडं आधी त्यासाठी आलं. शोभेचं नंतर झालं. मला कडं बसवायला फारसं आवडत नाही, म्हणून ओठ जाड ठेवतो आणि पहिले दीड-दोन मिलिमीटर कोरे सोडून मग आतून आटे सुरू करतो. आटे तिपदरी पाडतो. एकाच वेळी तीन आटे शेजारी शेजारी चढत जातात, त्यामुळे आठ दशांश मिलिमीटर अंतराचे असूनही एका फेऱ्यात टोपण दोन पूर्णांक चार मिलिमीटर पुढे जातं. एकमेकांत गुंतलेले तीन मिलिमीटरचे आटे सव्वा फेऱ्यात सुटतात. साध्या एकपदरी आट्याला त्यासाठी पावणेचार फेरे लागले असते. आत्याच्या पेनला तिपदरीच आटे होते, आणि टोपणाची तिनं कधी तक्रार केली नव्हती. दोऱ्याच्या रात्री मी मनातल्या मनात हेसुद्धा मोजून घेतलं, निदान एवढं तरी बरोबर होतं म्हणून.

एबोनाइटकडे मी उशिरा वळलो, कारण ते दिसायला साधं. पहिल्यांदा कातलं तेव्हा खोलीभर काडी ओढून विझवल्यासारखा वास पसरला. रबरात तीस-चाळीस टक्के गंधक मुरवून, तापवून ते कडक केलेलं असतं, आणि पटाशी लागली की ते गंधक सुटल्यासारखं वाटतं. नेल्सन गुडइयरनं १८५१ साली या कडक रबराचं पेटंट घेतलं आणि पुढे फाउंटन पेनांच्या पहिल्या पिढ्या त्यातूनच निघाल्या. शाई निबेपर्यंत नेणारी निबेखालची जीभ अजूनही चोखंदळ लोक एबोनाइटचीच करतात, कारण शाई तिच्यावर पसरून बसते, थेंब धरून पळत नाही. उन्हात ठेवलं तर काळं एबोनाइट हळूहळू शेवाळी-तपकिरी होतं, हा त्याचा दोष. पण हातात घेतल्यावर जे होतं ते ॲक्रिलिकमध्ये मला तितकं मिळालं नाही. धातूची मान बोटांची ऊब शोषून घेते आणि थंडीत पहिल्या चार ओळी नकोशा होतात. एबोनाइट ऊब ओढून नेत नाही. धरलं की मिनिटभरात ते परकं राहत नाही. आणि घाम आला तरी ॲक्रिलिकइतकं सुळसुळीत होत नाही, निदान माझ्या बोटांना तरी.

मग मी लोकांचे हात बघायला लागलो. कुणी सही करत असलं, काही टिपून घेत असलं की नजर कागदावर जायच्या आधी बोटांवर जाते. अंगठा आणि पहिलं बोट पुढून, मधलं बोट खालून आधार, अशी तीन बोटांची पकड पुस्तकात असते. प्रत्यक्षात कुणी अंगठा पहिल्या बोटावरून पलीकडे टाकतं, कुणी चार बोटांनी धरतं, कुणी निबेला जवळजवळ चिकटून, कुणी थेट आट्यांवर. आट्यांवर धरणाऱ्यांसाठी आट्यांचे माथे किंचित बोथट करावे लागतात, नाहीतर तासाभरात बोटावर रेघा उमटतात. मान आणि बॅरल यांच्यामधली पायरी धारदार असेल तर तीही टोचते. काही पेनांच्या मानेला बोटं कुठे ठेवायची याच्या सपाट जागाच दिलेल्या असतात. लॅमी कंपनीचं सफारी हे पेन १९८० पासून तसंच आहे, आणि ज्याची पकड त्या जागांशी जुळते त्याला ते फार सुखाचं वाटतं. ज्याची जुळत नाही त्याला ते पेन सतत दुरुस्त करत राहतं. गोल मान कुणालाच काही सांगत नाही, पण मग ती बोटांत फिरते, निबेचं टोक तिरकं पडतं आणि अक्षर कोरडं येतं. वजनाचंही तसंच. पितळ ॲक्रिलिकच्या सातपट जड असतं. टोपणात पितळेचं काही बसवलं आणि लिहिणाऱ्याला टोपण मागे लावायची सवय असली की सगळा तोल अंगठ्याच्या बेचक्याकडे जातो, निब हलकी पडते आणि ती कागदावर ठेवायला बोटांना उगाच दाबावं लागतं.

एक खूण मला फार उपयोगाची वाटते. पेन आवळलं की पहिल्या बोटाचं नख पांढरं पडतं. आधी टोकाशी, मग खाली सरकत. बोलण्यात माणूस "छान आहे" म्हणतो, पण नख काय ते दाखवून देतं.

महिन्याभरानं पुन्हा गेलो तेव्हा धीर करून म्हटलं, "आत्या, ते निळं पेन देतेस चार दिवस?" तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "घे की. पण दोरा सोडू नकोस हां. तो बसवायला माझी अख्खी दुपार गेलीय." घरी आणून मी ते पांढऱ्या कागदावर ठेवलं आणि दोरा जसाच्या तसा ठेवून मोजायला बसलो. बावीस वेढे, अर्ध्या मिलिमीटरचा दोरा, एकूण अकरा मिलिमीटर रुंदीचा पट्टा. दोऱ्याखाली मान साडेनऊची, दोऱ्यासकट साडेदहा. निबेकडच्या टोकाशी त्या बावीस वेढ्यांवर आणखी चार वेढे चढवलेले होते. आधी मला वाटलं, दोरा उरला म्हणून घातले असतील. मग मी ते पेन तिच्यासारखं धरून पाहिलं, अंगठा पोटानं न टेकवता कडेनं, पेर वाकवून, आणि पहिलं बोट पुढे सरकलं ते त्या चार वेढ्यांना येऊन थांबलं. तो बांध होता. बोट निबेकडे घसरू नये म्हणून घातलेला. चांगल्या मानेला पुढच्या टोकाशी हलका उठाव ठेवतात तो याचसाठी, आणि मी तो ठेवला नव्हता, कारण उताराची सरळ रेष निबेपर्यंत अखंड जावी असं मला वाटलं होतं. दोरा काळा असूनही तीन ठिकाणी गुळगुळीत होऊन चकाकत होता. अंगठ्याची चकाकी माझ्या अंदाजापेक्षा बरीच मागे होती, बॅरलला टेकायच्या बेतात. जाडी वाढवायची, घसरण थांबवायची, बोटाला अडवायचं, हे सगळं तिनं रिळावरच्या हातभर दोऱ्यात केलं होतं, आणि कुठे काय हवं ते मापाशिवाय ओळखलं होतं.

मी काळ्या एबोनाइटच्या चार माना केल्या. साडेदहा, अकरा, साडेअकरा, बारा. मध्ये हलका खोलगटपणा, पुढे बांध, मागे आट्यांकडे जाताना पायरीऐवजी उतार. आधी वाटलं, दोऱ्यासारखे बारीक खाचांचे वेढे पाडावेत. एका तुकड्यावर पाडूनही पाहिले. बोटांना बरे लागत होते, पण प्रत्येक खाच म्हणजे तडा सुरू व्हायला जागा, आणि निबेचं घर जिथे बसतं तिथे भिंत आधीच एक मिलिमीटरच्या घरात. शिवाय खाचांत शाई साचते. तो तुकडा बाजूला ठेवला. जाडी वाढवली तशी भिंतही वाढली, आणि हे मला फार उशिरा उमगलं की त्या दोन सेंटिमीटरांत हाताला जे हवं होतं तेच मजबुतीलाही हवं होतं. मधे आड येत होती ती माझी सडपातळपणाची हौस. पॉलिशला बसलो तेव्हा चौथ्या पॅडवर थांबलो. पाचवा पॅड हातात घेतला होता, पाण्यात बुडवलाही होता. एबोनाइटला चकाकी आली की ते खोल काळं दिसतं, आणि मला ते बघायचं होतं. पॅड पिळून परत ठेवला. मान मंद राहिली, पाटीसारखी.

आत्यापुढे चारही ठेवल्या आणि कुठली किती जाडीची ते सांगितलं नाही. तीच निब एकेकीत बसवून देत गेलो. तिनं वही उघडली, तारीख घातली, प्रत्येकीनं दोन-दोन ओळी लिहिल्या. बाराची तिनं लगेच खाली ठेवली, "ही माझ्या हाताला भारी होते." साडेदहाची ठीक वाटली. साडेअकराची हातात घेतल्यावर काहीच बोलली नाही. अंगठा मागेपुढे केला, पुढच्या उठावावरून बोट एकदा फिरवलं, थांबली आणि म्हणाली, "इथे माझे चार वेढे आहेत होय रे?"

मी मान हलवली. ती लिहायला लागली. मी समोरच्या खुर्चीत बसून तिच्या पहिल्या बोटाच्या नखाकडे बघत होतो. पहिल्या शब्दाला टोक जरासं पांढरं झालं, दुसऱ्यालाही. तिसऱ्या-चौथ्या शब्दापासून पांढरेपणा मागे गेला. शिरोरेषा ओढत ती उजवीकडे सरकत गेली, ओळ संपली, पुढची सुरू झाली, नख गुलाबीच होतं. पानाच्या मध्यावर आल्यावर अंगठा किंचित मागे गेला, मी उतार संपवला होता त्याच्याही दोन मिलिमीटर पलीकडे, आणि तिथेच स्थिरावला. मी खिशातून चिठ्ठी काढून ते माप टिपून घेतलं. तिनं वर पाहिलं नाही. काळ्या दोऱ्याचं रीळ वहीच्या पलीकडे, सुई खोचलेलं, तसंच पडलं होतं. तिनं ते उचललं नाही आणि मीही बाजूला केलं नाही.